आजारपणाचा खाडा

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोंच आमच्या कन्नड तालुक्यांतील वाड्यातांड्यांवर ट्रक व ट्रॅक्टर येऊन उभे राहूं लागतात. त्यांत भांडींकुंडीं, धान्याचीं पोतीं, सरपण, कोंबड्या व शेळ्या भरल्या जातात, आणि या सर्व बोजावर माणसें बसतात. तान्हें लेंकरूं, दिवस गेलेली सून, खोकणारा सासरा, सर्व एकाच गाडींत. ही मंडळी ऊस तोडण्याकरितां अहिल्यानगर, पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांकडे व तेथून पुढें कर्नाटकांतही जाते, आणि फाल्गुन-चैत्रांत परत येते. देवगांव रंगारीच्या व्यापाऱ्यांस हा देखावा नवा नाहीं. निघतांना मीठमिरची, तेल व कापड या पेठेंतून जातें. परतल्यावर लग्नाचा बस्ता याच पेठेंत फाडला जातो. या मजुरांच्या कष्टाचा पैसा आमच्या गल्ल्यांत येतो. परंतु गाडी गांवाबाहेर पडल्यापासून ती परत येईपर्यंत त्यांपैकीं कोणी आजारी पडलें तर त्यास कोण पाहतें, हा प्रश्न आमच्यापैकीं किती जणांनीं स्वतःस विचारला आहे?

ऊसतोडीचा व्यवहार ज्यांस ठाऊक नाहीं अशा शहरवासी वाचकांकरितां थोडा खुलासा करणें अवश्य आहे. या धंद्यांत मजूर मोजले जातात ते माणसांनीं नव्हे, कोयत्यांनीं. आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची एक जोडी. पावसाळ्यांतच मुकादम जोडीस उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत जोडी त्या मुकादमाशीं बांधलेली असते. मजुरी मिळते ती तोडलेल्या उसाच्या टनावर. जोडी पहांटे अंधारांत फडावर जाते. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते, आणि मग ती जड मोळी डोक्यावर घेऊन दोघेंही तिरप्या फळीवरून गाडींत चढतात. गाडी रात्रीं आली तर रात्रीं भरावी लागते. जोडीपैकीं एकजण आजारी पडला कीं कोयता थांबतो. कोयता थांबला कीं त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय मुकादम दंडाची रक्कम जोडीच्या नांवावर चढवितो. यासच खाडा म्हणतात. २०१९ सालीं हा विषय वृत्तपत्रांतून गाजला त्या वेळीं दिवसाच्या खाड्याचा दर पांचशें रुपये असल्याचें प्रसिद्ध झालें होतें.

आमच्या वाचकांनीं क्षणभर विचार करावा. दुकानांतील गुमास्ता तापानें अंथरुणास खिळला तर कडक मालक फार तर त्याचा त्या दिवसाचा पगार कापील. परंतु "तूं आजारी पडलास, सबब तूंच मला पैसे दे," असें म्हणणारा मालक या पेठेंत सांपडणार नाहीं. सांपडला तर चार लोक त्यास नांवें ठेवतील. मग जी गोष्ट दुकानांत लाजिरवाणी ती उसाच्या फडांत रीतीची कशी झाली? तिला रूढि म्हणून सोडून द्यावयाचें असेल, तर बालविवाह व केशवपन हींही रूढीच होत्या, एवढेंच आम्ही म्हणतों.

या मजुरांसाठीं दवाखाने वाढवावे, डॉक्टर नेमावे, औषधांचा पुरवठा करावा, अशा सूचना वेळोवेळीं होत असतात व त्या रास्तच आहेत. तथापि आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, दोन अडथळे दूर झाल्याशिवाय हे सर्व उपाय पालथ्या घड्यावरचें पाणी ठरतील. पहिला अडथळा हा खाडा. दुसरा अडथळा असा कीं, आमची सर्व आरोग्यव्यवस्था गांवाच्या खुंट्यास बांधलेली आहे, आणि मजूर मात्र सहा महिने त्या खुंट्यापासून शेंकडों मैल दूर असतो. दुसऱ्या अडथळ्याचा विचार प्रथम करूं.

सरकारी हिशोबाप्रमाणें सपाट मुलखांत पांच हजार वस्तीस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सुमारें हजार वस्तीस एक आशा कार्यकर्ती असते. ही वस्ती म्हणजे त्या गांवीं नांदणारी वस्ती. आमच्या तांड्यावरील आशेच्या वहींत मजुरिणीचें नांव आहे, पण मजुरीण तेथें नाहीं. ती ज्या कारखान्याच्या तळावर कोपी घालून राहिली आहे तेथें मजुरीण आहे, पण तेथल्या वहींत तिचें नांव नाहीं. एका गांवीं नांव व दुसऱ्या गांवीं जीव, अशी ही अवस्था आहे. कोणाचाही दुष्ट हेतु नसतां, सर्वांनीं आपापलें काम चोख केलें तरीही, हीं माणसें दोन वह्यांच्या मधल्या फटींत पडतात.

याचा परिणाम कसा होतो तें पाहावें. समजा, एका बाईस भाद्रपदांत मूल झालें. त्या मुलास दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचें झाल्यावर लसी टोंचावयाच्या असतात. पहिली टोंचण्याच्या सुमारास तांडा रिकामा होतो, आणि बाकीच्या दोन्हींच्या वेळीं तें मूल उसाच्या सरींत, बांधलेल्या झोळींत निजलेलें असतें. दुसरी एक बाई सातव्या महिन्यांत निघते. तिनें लोहाच्या गोळ्या रोज घ्यावयाच्या, तिचें रक्त व रक्तदाब तपासावयाचा, बाळंतपण कोठें करावयाचें हें आधीं ठरवावयाचें. यांपैकीं आरंभाचें काम येथें झालें, आणि शेवटचें, म्हणजे जीव वांचविणारें काम, जेथें तिला कोणी ओळखत नाहीं तेथें व्हावयाचें राहिलें. तिसरा एक क्षयरोगी. क्षयाचीं नेहमींचीं औषधें सहा महिने अखंड घ्यावीं लागतात. मध्येंच सोडलीं तर रोग बळावतो व त्यावर तीं औषधें लागूं पडेनाशीं होतात. आणि ऊसतोडीचा हंगामही पांच-सहा महिन्यांचाच. रोग्याचें औषध आणि रोग्याचें पोट हीं दोन्ही एकाच वेळीं निरनिराळ्या जिल्ह्यांत वाट पाहत असतात. अशा वेळीं तो पोटामागें जातो यांत नवल काय?

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेखालीं कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचे ठराविक उपचार, ठरलेल्या रुग्णालयांत भरती झाल्यास, मोफत मिळण्याची तजवीज आहे, आणि ती राज्यांत कोठेंही चालते. क्षयरोग्यांची नोंद 'निक्षय' नांवाच्या देशव्यापी सरकारी नोंदींत होते आणि रोग्यास आहारासाठीं दरमहा मिळणारे पांचशें रुपये २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार करण्यांत आले. हें सर्व स्वागतार्ह होय. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च देणारी योजना तापाच्या चार गोळ्यांच्या वेळीं उपयोगीं पडत नाहीं. आणि सकाळीं नऊला उघडून दुपारीं मिटणारा बाह्यरुग्ण विभाग, पहांटे फडावर जाऊन संध्याकाळीं परतणाऱ्या बाईस असून नसल्यासारखा आहे. तिनें तेथें जावयाचें ठरविलें तर तो दिवस बुडतो, आणि दिवस बुडाला कीं खाडा. याप्रमाणें फिरून फिरून आपण खाड्यापाशींच येतों.

खाड्यानें काय अनर्थ केला आहे याचें सर्वांत दारुण उदाहरण आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत आहे. तेथील ऊसतोड स्त्रियांत गर्भपिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचें प्रमाण भयंकर असल्याचा बोभाटा २०१९ सालीं झाला. सरकारनें विधान परिषदेच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. जिल्ह्यांत झालेल्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांची विचारपूस झाली, आणि त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरांत सोळांहून अधिक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें सबंध देशांत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत हें प्रमाण शेंकडा ३.२ होतें. दोन पाहण्यांतील वयाचा वगैरे फरक वजा धरला तरी उरणारें अंतर डोळ्यांत भरण्यासारखें आहे.

असें कां व्हावें? तळावर न्हाणीघर नाहीं, शौचकूप नाहीं, पुरेसें स्वच्छ पाणी नाहीं. विटाळाच्या दिवसांतही मोळी उचलावी लागते. आंतील रोग जडतो, अंगावरून पांढरें जातें, ओटीपोट दुखतें. हंगामांत दाखवावयास जावें तर खाडा. म्हणून दुखणें सहा महिने अंगावर काढलें जातें व गांवीं परतल्यावर बाई एखाद्या खाजगी दवाखान्याची पायरी चढते. तेथें साध्या औषधानें बरा होण्याजोगा रोग असतांही, कर्करोगाचा बागुलबोवा दाखवून पिशवी काढण्याचा सल्ला देणारे महाभाग निघाले, हें वैद्यकीच्या धंद्यास लांछन आहे. परंतु सर्व दोष डॉक्टरांच्या माथीं मारून मोकळें होणें न्यायाचें होणार नाहीं. कित्येक बायांनीं हा सल्ला आपण होऊन स्वीकारला. कारण पिशवी गेली कीं पाळी गेली, पाळी गेली कीं खाडा टळला, असा त्यांचा हिशोब होता. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हां मुकादमाच्याच उचलींतून. पंचविशी-तिशींत पिशवी व तिजबरोबर बीजकोश गेलेल्या स्त्रीस अकालीं म्हातारपण येतें, हाडें ठिसूळ होतात, पाठ व गुडघे धरतात, आणि जें कर्ज तिनें फेडावयाचें तें फेडण्याची ताकद राहत नाहीं. दंड चुकविण्याकरितां शरीराचा अवयव देऊन टाकावा लागणें, याहून मोठी मानहानि कोणती?

हा जुना इतिहास झाला असेंही समजूं नये. २०१९ नंतर बीडमध्यें अशा शस्त्रक्रियेपूर्वीं सरकारी शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा निर्बंध आला. २०२३ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याचे नियम सर्व राज्यांनीं अंमलांत आणावे असा आदेश दिला. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतः होऊन दखल घेतली. इतकें झाल्यावरही २०२४ च्या हंगामास निघण्यापूर्वीं बीड जिल्ह्यांत ८४३ ऊसतोड स्त्रियांची पिशवी काढलेली असल्याचें आरोग्य खात्याच्या तपासणींत दिसून आलें. निर्बंध शस्त्रक्रियेवर आला; ज्या खाड्यापायीं ती करून घ्यावीशी वाटते त्या खाड्यावर मात्र आला नाहीं. मुळास हात न घालतां फांद्या छाटल्या तर झाड पुन्हां फुटणारच.

येथें कोणी म्हणेल कीं, हा मुकादम व मजूर यांच्यांतील खाजगी करार आहे. मजूर आपखुशीनें जातो, त्यांत इतरांनीं कां पडावें? हा आक्षेप नवा नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार जेव्हां सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस राबत होते, तेव्हांही मालकपक्षाचें म्हणणें हेंच होतें. त्या वेळीं 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे पाठविला. त्यांत रविवारची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति यांबरोबरच आणखी एक मागणी होती, ती आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे: कामावर जबर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. रविवारची सुटी १८९० च्या जूनमध्यें मिळाली. आजाराच्या दिवसांचें वेतन ही मागणी ऊसतोड मजुराच्या वाट्यास सव्वाशें वर्षें उलटून गेल्यावरही आलेली नाहीं. त्याच्या वाट्यास उलट दंड आला आहे.

पुढें १९२८ च्या जुलैंत मुंबईच्या विधिमंडळांत बाळंतिणींस पगारी रजा देण्याचें बिल आलें असतां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याचा पुरस्कार केला, आणि पुढील सालीं तो कायदा झाला. १९४८ सालीं कर्मचारी राज्य विमा कायदा होऊन कारखान्यांतील कामगारास आजारपणांत औषध व पैसा या दोहोंची हमी मिळाली. परंतु वाचकांस हें ऐकून आश्चर्य वाटेल कीं, त्या कायद्यांतून हंगामी कारखाने वगळलेले होते आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येंत साखरेचा धंदा स्पष्ट नांवानें घातलेला होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही हंगामी कारखान्यांचा हा अपवाद कायम राहिला. त्यांतून ऊस तोडणारा तर कारखान्याच्या फाटकाबाहेरचा. कारखाना म्हणतो तो मुकादमाचा माणूस, आणि मुकादम म्हणतो मी कारखान्याचा हस्तक. परराज्यांत जाणाऱ्या मजुरांसाठीं १९७९ सालीं कायदा झाला; त्यांत कंत्राटदारानें मजुरास मोफत वैद्यकीय मदत द्यावी असें कलम होतें. तोही कायदा आतां २०२० च्या दुसऱ्या एका संहितेंत विलीन झाला. पण कराडला किंवा श्रीरामपुरास जाणारा आमच्या तालुक्यांतला मजूर राज्याची वेस ओलांडीतच नाहीं. त्यास त्या कलमाचा उपयोग कधींच नव्हता. सारांश, आजारी मजुराचें रक्षण करणारे कायदे या देशांत झाले, परंतु प्रत्येक वेळीं त्यांचें कुंपण ऊसतोड मजुराच्या अलीकडेच संपलें.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो व्यापारी वाचकांच्या जिव्हाळ्याचा असल्यामुळें त्याचा हिशोबच मांडूं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकरितां उसाच्या टनामागें दहा रुपये कारखान्यानें व तितकेच सरकारनें द्यावे अशी योजना ठरलेली आहे. पांच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचे यांत पन्नास लाख व सरकारचे पन्नास लाख, मिळून एक कोटि रुपये होतात. एक जोडी दिवसास दीड-दोन टन तोडते. हंगामांत सुमारें दोनशें टन धरल्यास या कारखान्यास अडीच हजार कोयते लागतील. टनास साडेतीनशें रुपये व दिवसास दोन टन धरले तर जोडीची रोजची मिळकत सातशें रुपये. प्रत्येक जोडीस हंगामांत तीन दिवस आजाराची भरपगारी रजा दिली तर खर्च साडेबावन्न लाख. उरलेल्या साडेसत्तेचाळीस लाखांत तळोतळीं फिरणारी दवाखान्याची गाडी, डॉक्टर, परिचारिका व औषधें यांचा खर्च भागण्यास हरकत नसावी. मुलांचीं वसतिगृहें व इतर कामें याच पैशांतून व्हावयाचीं असल्यास टनामागें आणखी पांच रुपये घ्यावे. एक टन उसाची साखर सुमारें शंभर किलो होते. म्हणजे दहा रुपयांचा भार साखरेच्या किलोमागें दहा पैसे, व पांच रुपयांचा पांच पैसे. या पेठेंत साखरेचा भाव किलोमागें दहा पैशांनीं चढला तर गिऱ्हाइकाच्या लक्षांतसुद्धां येत नाहीं. तेवढ्या पैशांत एका बाईची पिशवी वांचत असेल, तर तो सौदा महाग असें कोणता शहाणा व्यापारी म्हणेल?

२०२४ च्या जानेवारींत साखर संघ व मजूर संघटना यांच्यांत तडजोड होऊन तोडणीच्या दरांत शेंकडा ३४ वाढ मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु दर कितीही वाढला तरी तो तोडलेल्या उसावर मिळतो. तापानें कोपींत पडलेल्यास त्याचा लाभ शून्य. यास्तव दराच्या वाटाघाटींत यापुढें आजाराच्या रजेचें कलम पहिलें असावें, शेवटचें नव्हे.

आतां करावयाचें काय, तें संक्षेपानें सांगतों. प्रथम, आजार, बाळंतपण व पाळी या कारणांकरितां खाडा घेणें कायद्यानें बंद व्हावें, आणि हंगामास निदान तीन दिवसांची भरपगारी रजा कारखान्यामार्फत थेट मजुरिणीच्या बँकेच्या खात्यावर जमा व्हावी. दरसाल साखर आयुक्तांकडून गाळपाचा परवाना घेतल्याखेरीज कारखान्याचें धुराडें पेटत नाहीं. त्याच परवान्यास या रजेची, तळावरील पाण्याची व शौचकूपांची अट जोडावी. अट मोडणारा कारखाना पुढल्या सालीं परवान्यासाठीं दारांत उभा राहणारच आहे. तेव्हां ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास वेगळी फौज नको.

दुसरें, कारखान्याच्या तळावर आठवड्यांतून एकदां संध्याकाळचा दवाखाना भरावा. सकाळचा नको, कारण सकाळीं तळावर म्हातारे व लेंकरें यांशिवाय कोणी नसतें. प्रत्येक टोळींतील एका समजूतदार बाईस थोडें शिक्षण व औषधांची पेटी द्यावी. ताप, जुलाब, कोयत्याची जखम यांवर पहिला उपाय तिनें करावा, आणि गरोदर बाई किंवा औषध चालू असलेला क्षयरोगी टोळींत असल्यास दवाखान्यास कळवावें. टोळींतल्या बायका आपलें अवघड जागेचें दुखणें परक्या पुरुषास सांगणार नाहींत. आपल्यांतल्या बाईस सांगतील.

तिसरें, मजुरांची वही मजुरांबरोबर चालली पाहिजे. निघण्यापूर्वीं गांवाच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनीं प्रत्येक टोळीची यादी करून ती कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रास पाठवावी, व परत येतांना तेथून येथें यावी. हें अशक्य आहे असें कोणीं म्हणूं नये. २०२० च्या एप्रिलांत टाळेबंदींत अडकलेल्या सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजुरांस गांवीं पोंचविण्याचें ठरलें, तेव्हां कारखान्यांनीं त्यांची वैद्यकीय तपासणी करावी, याद्या कराव्या व गांवोगांवीं कळवावें, अशी व्यवस्था सरकारनें केली होती. त्यांच्यापासून आम्हांस रोग लागेल या भीतीनें जी यादी होऊं शकली, ती त्यांचा रोग बरा करण्याकरितां दरसाल कां होऊं नये? अमेरिकेसारख्या धनाढ्य देशानेंही १९६२ सालीं कायदा करून शेतांमागें भटकणाऱ्या मजुरांसाठीं निराळे दवाखाने उघडण्यास सरकारी पैसा दिला, आणि केरळनें २०१७ सालीं परप्रांतीय मजुरांसाठीं 'आवाज' नांवाची विमायोजना काढली. जो प्रांत दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या मजुराची काळजी वाहतो त्याच्याकडे पाहून, आपल्याच एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत गेलेल्या मजुरास परका लेखणाऱ्या महाराष्ट्रानें विचार करावा.

शेवटीं देवगांवकरांस चार शब्द. मुंबईस कायदा होईल तेव्हां होवो; दसरा व दिवाळी यांच्यामधले वीस दिवस आमच्या हातांत आहेत. या दिवसांत बाजारच्या दिवशीं सर्व तांड्यांवरील माणसें पेठेंत येतातच. व्यापारी मंडळींनीं एक मांडव घालावा, चहापाण्याचा खर्च सोसावा, आणि ग्रामपंचायतीनें आरोग्य खात्यास लिहून डॉक्टर व परिचारिका त्या दिवशीं येथें बसवाव्या. गरोदर बायांचें रक्त तपासलें जावें, मुलांच्या राहिलेल्या लसी टोंचल्या जाव्या, क्षयाच्या, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या रोग्यांस औषधांची पुढची सोय लिहून मिळावी, आणि प्रत्येकाच्या हातीं एक कार्ड द्यावें, ज्यावर त्याचें दुखणें, त्याचें औषध व आमच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनि क्रमांक मराठींत ठळक लिहिलेला असेल. ग्रामपंचायतीनें गांवाबाहेर गेलेल्यांची वही ठेवावी. कोण कोणत्या मुकादमाबरोबर कोणत्या कारखान्यास गेला एवढें तींत लिहिलें तरी अडचणीच्या वेळीं शोध लागतो.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांसच करतां येण्यासारखी आहे. मुकादम हे आमच्या ओळखीचे, आमच्याशीं देवघेव ठेवणारे लोक आहेत. त्यांतील कित्येक स्वतःच एके काळीं कोयता चालविलेले आहेत आणि कारखान्याच्या व मजुराच्या मध्यें तेही भरडले जातात. मजुरानें उचल घेऊन तोंड फिरविलें तर मुकादमाचें घर बसतें, हेंही खरें. म्हणून त्यांस शत्रु न मानतां आपल्या दुकानांत बसवून विचारावें: "यंदा आजाऱ्याचा खाडा लावणार कीं नाहीं?" ज्यानें लावणार नाहीं असें वचन दिलें व पाळलें त्याच्याकडे टोळ्या आपण होऊन जातील, आणि पेठेंत त्याची पत वाढेल. रंगाऱ्याचा पक्का रंग नुसता पाहून कळत नाहीं, तो धुण्यांत कळतो. तशीच मुकादमाची व सावकाराची माणुसकी मजूर आजारी पडल्यावर कळते.

आमच्या पुण्यांतच सावित्रीबाई फुले १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या, आणि लोखंडे यांचाही अंत त्याच सालीं मुंबईंत प्लेगांतच झाला. त्यांच्या जयंत्या आम्ही उत्साहानें साजऱ्या करतों. आज आम्हांकडे कोणी प्राण मागत नाहीं. साखरेच्या किलोमागें दहा पैसे, बाजारचा एक दिवस आणि मुकादमास विचारलेला एक सरळ प्रश्न, एवढेंच मागणें आहे. येत्या हंगामास गाड्या निघतील तेव्हां त्यांत बसलेल्या प्रत्येक बाईच्या कमरेच्या पिशवींत तें कार्ड असावें, आणि तिला ताप आला तर ती खाड्याच्या भीतीनें नव्हे तर बरी होण्याच्या आशेनें त्या रात्रीं निजावी. इतकें देवगांवानें केलें, तर पुढल्या सालीं शेजारचीं गांवें आमच्याकडे रीत विचारावयास येतील.